घरच्या लॅपटॉपच्या बॅकअपसाठी बाहेरची डिस्क कोणती घ्यावी?

सोनटक्का | शनिवार, रात्री १०:४०

मागच्या रविवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर निळा पडदा आणि त्यावर फर्मान, ४८ आकडी रिकव्हरी की टाका. आदल्या रात्री कसलंसं बायोस अपडेट झालं होतं. अशी काही की असते हेच मला माहीत नव्हतं. दोन तास घरात सुतकी कळा. मग नवऱ्याला आठवलं की नवीन आणला तेव्हा लॅपटॉप त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून सुरू केला होता. त्या खात्यात की सापडली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, तो मोबाइलवर बघून सांगतोय, मी टाइप करतेय, एकदा चुकलं, परत पहिल्यापासून. उघडला एकदाचा.

त्या दोन तासांत डोळ्यांसमोर काय काय आलं म्हणून सांगू! लेकीचे जन्मापासूनचे फोटो, घराच्या कर्जाचे कागद, आणि मुख्य म्हणजे बाबांचं लिखाण. बाबा निवृत्त शिक्षक आहेत, गेली बारा वर्षं आमच्या गावाचा इतिहास लिहितायत. त्यांचा डेस्कटॉप मागच्या वर्षी भंगारात गेला, तेव्हापासून ते सगळं माझ्या डी ड्राइव्हवर आहे. दुसरी प्रत कुठेही नाही. (हो, माहीत आहे. ओरडा.)

तर, लॅपटॉपची डिस्क ५१२ जीबी, भरलीय साधारण ३८०. विंडोज ११ होम. बॅकअपला हार्ड डिस्क (फिरत्या तबकडीची) घेऊ की एसएसडी (चिपवाली, आत काही फिरत नाही ती)? १ टीबी पुरेल की २? भावाकडे मॅकबुक आहे, त्यालाही कधीमधी जोडता आली तर बरं. दुकानदार म्हणतो, "ताई, एसएसडीच घ्या, हार्ड डिस्क आता कोण घेतं!" पण त्याने सांगितलेली किंमत ऐकून मी चहाही न घेता परत आले.

चकली | शनिवार, रात्री १०:५२

आधी ओरडून घेते. बारा वर्षांचं लिखाण आणि एकच प्रत!!

झालं. आता जाणकार येतीलच, मी मांडी ठोकून बसलेय. मलाही घ्यायचीच आहे.

निळासावळा | शनिवार, रात्री ११:०५

सीगेट घ्या, डोळे झाकून. माझी नववं वर्ष चालू आहे.

अण्णा_सांगलीकर | शनिवार, रात्री ११:२०

आमच्याकडं डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल). तीबी ठणठणीत आहे. पण ताई, कंपनीपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. उद्या सवडीनं लिहितो.

कळफलक | रविवार, सकाळी ८:१५

कंपनीवरून भांडू नका. जगात हार्ड डिस्क बनवणारे आता तिघेच उरलेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकी नावं दिसतात ती यांचीच डिस्क आपल्या डबीत घालून विकतात. तिघांच्याही चांगल्या डिस्का असतात आणि तिघांच्याही मरतात. निळासावळा, नवव्या वर्षी डिस्कचं कौतुक करू नका, बदला तिला.

आता सोनटक्काताईंचा प्रश्न. दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे. लॅपटॉपच्या आत एसएसडीच हवी. पण बॅकअपची डिस्क आठवड्यातून एकदा तासभर जोडायची आणि परत कपाटात ठेवायची. तिथे वेगाचे पैसे कशाला मोजायचे? साधी अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी लिहिते. तुमचे ३८० जीबी पहिल्यांदा भरायला दोन-तीन तास लागतील, कारण फोटोंसारख्या हजारो छोट्या फायली सलग लिहिल्या जात नाहीत. त्यानंतर दर वेळी फक्त नवं-बदललेलं जाणार, म्हणजे पंधरा मिनिटं. तेवढ्यात पोहे होतात. आणखी एक, एसएसडी महिनोन्‌महिने विजेशिवाय पडून राहणं चांगलं नाही, आतला चार्ज हळूहळू झिरपतो. कपाटात झोपवून ठेवायला हार्ड डिस्कच बरी.

मात्र एसएसडीच्या बाजूने एक मुद्दा फार मोठा आहे. ती पडली तर सहसा काही होत नाही. घरात लहान मूल, मांजर किंवा विसराळू नवरा असेल तर जादा पैसे त्या कारणासाठी द्या, वेगासाठी नको.

आकाराचं म्हणाल तर २ टीबी. जेवढा डेटा त्याच्या निदान दुप्पट-तिप्पट जागा लागते, कारण बॅकअप जुन्या आवृत्त्याही सांभाळतो. साडेतीन इंची, वेगळा अडॅप्टर लागणारी मोठी डिस्क घेऊ नका. भिंतीतल्या प्लगपर्यंत जायचा कंटाळा येतो आणि बॅकअप बंद पडतो.

एक गोष्ट बॉक्सवर लिहिलेली नसते. आजकालच्या बहुतेक पोर्टेबल डिस्का एसएमआर पद्धतीच्या असतात. डेटाच्या रांगा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, अगदी घराच्या कौलांसारख्या. मधलं एक कौल बदलायचं तर वरच्या ओळी उचलाव्या लागतात. म्हणून अशी डिस्क सुरुवातीला भराभर लिहिते आणि शंभरेक जीबीनंतर एकदम रेंगाळते. बिघडली असं समजून केबल उपटू नका. बॅकअपला चालते ती.

जोडणी टाइप-सी असेल तर उत्तम. अजून बऱ्याच डिस्कांना ती रुंद, दोन भागांची मायक्रो-बी पिन असते. चालते, पण वर्ष-दोन वर्षांत सैल पडते, तेव्हा एक जादा केबल आणून ठेवा.

मॅकचं: एनटीएफएस म्हणजे डिस्कवर फायली मांडायची विंडोजची पद्धत, तशी डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅट या दोघांना चालणाऱ्या मांडणीत केलीत तर दोघंही लिहितील, पण मध्येच केबल निघाली तर एक्सफॅट जास्त पटकन बिघडतं. माझं मत विचाराल तर बॅकअपची डिस्क वाटून घेऊ नका. भावाला टाइम मशीनसाठी (मॅकमधला बॅकअप) स्वतःची घेऊ दे, ते तसंही आख्खी डिस्क पुसून आपल्या पद्धतीने फॉरमॅट करतं.

चकली | रविवार, सकाळी ८:४०

"विसराळू नवरा". प्रतिसादाची प्रिंट काढून फ्रिजवर लावलीय.

तिरफळ | रविवार, सकाळी ११:०२

पडण्यावरून माझी कहाणी ऐका. रत्नागिरीतलं घर, डिस्क लॅपटॉपला जोडून टीपॉयवर ठेवलेली, केबल लोंबकळत. धाकटा चेंडूमागे धावला, पायात केबल. उंची म्हणाल तर दीड फूट. खाली चटईसुद्धा होती! पण डिस्क चालू होती. आत तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेत असते आणि वाचणारी सुई तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. आपला केस त्या मानाने माडाएवढा. मग जो आवाज सुरू झाला, टक्... टक्... टक्... तो अजून स्वप्नात येतो.

मी शहाणपणा काय केला, तर ती पुन्हा पुन्हा जोडून बघितली. या लॅपटॉपला, त्या लॅपटॉपला, शेजाऱ्याच्या टीव्हीला. प्रत्येक वेळी सुई तबकडी आणखी खरवडत होती हे नंतर पुण्यातल्या डेटा रिकव्हरीवाल्याने सांगितलं. पहिल्याच टकटकीला बंद करून आणली असतीत तर, म्हणाला. लॅपटॉपच्या किमतीएवढं बिल झालं आणि निम्मे फोटो आले. धाकट्याचं पहिलं गॅदरिंग नाही आलं.

वॉरंटी होती हो! त्यात नवी कोरी डिस्क मिळाली. रिकामी.

रच्याकने (म्हणजे जाता जाता), कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात डिस्क चेनच्या प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. आमच्याकडे जुलैत चपलांनाही बुरशी येते.

वाकडी_वाट | रविवार, दुपारी १:३०

अजून डिस्का घेताय? मी स्टुटगार्टला आल्यापासून सगळं क्लाउडवर. लॅपटॉप चोरीला गेला तरी फरक पडत नाही. गूगल आहे, वनड्राइव्ह आहे. पडण्याची भीती नाही, बुरशीही नाही.

कळफलक | रविवार, दुपारी २:१०

फुकटात गूगल १५ जीबी देतं आणि वनड्राइव्ह ५. ताईंकडे ३८० आहेत. म्हणजे महिन्याचं भाडं आलं, आणि ते भरायचं थांबवलं की काय, हा विचार आला. शिवाय पहिल्यांदा वर चढवायला, अपलोड ४० एमबीपीएस धरला तरी, एकवीस-बावीस तास सलग.

पण खरी गोम वेगळीच आहे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. वनड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहतं, गूगल फोटोंमध्ये ६०. ३१व्या दिवशी लक्षात आलं तर? बाबांनी एखाद्या प्रकरणावर चुकून दुसरंच चिकटवलं आणि सहा महिन्यांनी कळलं तर?

मी क्लाउडच्या विरोधात नाही. बाबांचं लिखाण फार तर काही एमबी असेल, ते फुकटच्या १५ जीबीत जरूर टाका. आजच टाका. डिस्क येईपर्यंत थांबू नका.

सोनटक्का | रविवार, दुपारी २:३५

टाकलं! सगळं मिळून ६४ एमबी निघालं. बारा वर्षं आणि ६४ एमबी. लेकीच्या एका वाढदिवसाचा व्हिडिओ याच्या दहापट आहे.

पाऊलखुणा | रविवार, दुपारी ३:००

एवढा विचार कशाला, मी परवाच १६ टीबीची एसएसडी मागवली, १८०० रुपये फक्त! लिंक देऊ का?

कळफलक | रविवार, दुपारी ३:०४

पाऊलखुणा, एकही फोटो तिच्यावर टाकू नका. तसल्या डबीत साधं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि त्याला "मी १६ टीबी आहे" असं खोटं बोलायला शिकवलेलं असतं. फायली कॉपी होताना दिसतात, नावंही दिसतात, खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट साधन आहे, ते सगळी डिस्क भरून परत वाचून बघतं. चालवा आणि सांगा.

पाऊलखुणा | सोमवार, सकाळी ९:१०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

चकली | सोमवार, सकाळी ९:१२

किती निघाली ते तरी सांगा!

पाऊलखुणा | सोमवार, सकाळी ९:३०

५८ जीबी. परत पाठवतोय. हसू नका.

अण्णा_सांगलीकर | सोमवार, रात्री ९:४५

काल लिहितो म्हटलं होतं, राहून गेलं. रिटर्न भरायचे दिवस आहेत.

माझं कर सल्लागाराचं ऑफिस, सांगलीत गावभागात तळमजल्यावर. मी शिस्तीचा माणूस. दर शनिवारी सगळ्या अशिलांचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा, डिस्क डब्यात, डबा लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात. लॅपटॉप टेबलावर. मला वाटायचं, आपल्यासारखा बॅकअप कुणाचा नाही.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर बघितलेली माणसं म्हणत होती, त्याच्या वर काय जात नाही. आम्ही घरची माणसं वर काढली, ऑफिसकडं बघायला वेळच नव्हता. आठवड्यानं कुलूप उघडलं तर टेबल उलटं होऊन दाराला टेकलेलं, लॅपटॉपच्या कीबोर्डात गाळ, आणि कपाटाचा खालचा कप्पा उघडला तर डब्यातनं कॉफीसारखं पाणी आलं. डिस्क आणि लॅपटॉप, दोन्ही एकाच खोलीत बुडाले. मी केलेला बॅकअप खराच होता, फक्त मूळ डेटापासनं सहा फुटांवर होता.

वाचवलं कुणी? मुलीनं. ती कोल्हापुरात शिकायला होती, तिला द्यायला म्हणून मी आधीच्या दिवाळीत माझ्या लॅपटॉपवरनं सगळं जसंच्या तसं जुन्या डिस्कवर कॉपी करून दिलं होतं. तिला त्यातले सिनेमे पाहिजे होते. सिनेमांच्या खाली अशिलांची फोल्डरं. नऊ महिने जुनी, पण होती.

तेव्हापास्नं दोन डिस्का. एक ऑफिसात, एक विश्रामबागेत मेव्हण्याकडं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवायला जातो आणि अदलाबदल करून येतो. बायको म्हणते, जेवणासाठी निमित्त काढलंय. असू दे.

तिरफळ | सोमवार, रात्री १०:०५

अण्णा, दंडवत. उद्याच दुसरी आणतो.

कळफलक | सोमवार, रात्री १०:२०

अण्णांनी सांगितलं त्यालाच ३-२-१ म्हणतात. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने हे रूढ केलं. फोटोग्राफरनेच करावं हे साहजिक आहे, त्याला पुन्हा लग्न लावून फोटो काढता येत नाहीत.

आणि बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क खंडणीवाल्या व्हायरसला लॅपटॉपचाच भाग वाटते, तो दोन्ही एकदम कुलूपबंद करतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला तेव्हा जगभर लोकांनी हे अनुभवलंय.

सोनटक्का | शनिवार, सायंकाळी ६:५०

घेतली! २ टीबी, साधी हार्ड डिस्क, टाइप-सी. पण जोडल्यावर १.८१ टीबीच दाखवतेय. मला १६ टीबीवाल्या पाऊलखुणांची आठवण होऊन घाम फुटला. आणि वेग सेकंदाला ३५ एमबीच्या वर जाईना. हे ते कौलांचं प्रकरण का?

कळफलक | शनिवार, सायंकाळी ७:०५

१.८१ बरोबर आहे. कंपनी एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीने मोजतं. एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते. फसवणूक नाही, दोन वेगळ्या मापांचे शेर आहेत.

३५ मात्र कौलांमुळे नाही, तो आकडा ओळखीचा आहे. लॅपटॉपच्या कुठल्या भोकात लावलीय? आत काळी पट्टी (जुनं, संथ यूएसबी २) की निळी (वेगवान यूएसबी ३)?

सोनटक्का | शनिवार, सायंकाळी ७:११

काळी. निळ्यात माउस होता. अदलाबदल केली, ११८!! अख्खं आयुष्य माउसला एक्स्प्रेस हायवे देऊन बसले होते.

अण्णा_सांगलीकर | शनिवार, सायंकाळी ७:३०

ताई, घेतल्यावर एक काम करा. परत उघडून बघा. दुसऱ्या मशीनवर. माझ्या एका अशिलाचा बॅकअप तीन वर्षं "यशस्वी" म्हणत होता आणि आत रिकामं फोल्डर होतं.

सोनटक्का | रविवार, दुपारी १२:२०

अण्णांचं ऐकून आज डिस्क घेऊन भावाकडे गेले, ठाण्याला. दोन धक्के बसले.

पहिला धक्का: मी विंडोजमधलाच बॅकअप, फाइल हिस्टरी, चालू केली होती. लेकीचे फोटो आले, कर्जाचे कागद आले, बाबांचं फोल्डरच नाही! ते डी ड्राइव्हवर होतं आणि फाइल हिस्टरी फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असल्या ठरलेल्या जागांचंच घेते. सुदैवाने मी वेडसरपणाने बाबांचं फोल्डर हातानेही वेगळं कॉपी केलं होतं.

दुसरा: ते उघडलं. आणि पहिल्या पानावर गावाचं नाव असायला हवं तिथे रोमन अक्षरं, टोपी घातलेले स्वर, उद्गारचिन्हं, कंसात अर्धवट आकडे. ३४० पानं अशीच. भाऊ म्हणतो, फाइल खराब झाली. घरी येऊन लॅपटॉपवर उघडली तर व्यवस्थित मराठी! हे काय आहे?

खिळाजोडणी | रविवार, दुपारी १२:४५

एवढा वेळ नुसता वाचत होतो, आता माझं क्षेत्र आलं. बाबा श्रीलिपीत टाइप करतात ना? फॉन्टचं नाव श्री-देव आणि पुढे चार आकडे असं असेल.

सोनटक्का | रविवार, दुपारी १२:४८

हो!! श्री-देव ०७१४. तुम्हाला कसं कळलं?

खिळाजोडणी | रविवार, दुपारी १:२५

पंचवीस वर्षं डीटीपी करतोय, सदाशिव पेठेतल्या निम्म्या लग्नपत्रिका त्याच घराण्यातल्या फॉन्टात केल्यात. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला आकडा, सगळीकडे रुळण्याआधीचे हे फॉन्ट. श्रीलिपी असो, सी-डॅकचे योगेश-सुरेख असोत, फाइलमध्ये मराठी नसतंच. आत रोमन अक्षरांचे आकडे असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी अक्षराचं चित्र काढून दाखवतो. फॉन्ट नाही तर चित्र नाही. उरतं ते तुम्ही बघितलंत.

तुमची फाइल धडधाकट आहे. पण फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये बसलेत, ते कुठल्याही फाइल हिस्टरीत येत नाहीत. लॅपटॉप गेला असता तर तुमच्याकडे बाबांची ३४० पानं शाबूत असती आणि एक ओळ वाचता आली नसती. छापखान्यात असे गठ्ठेच्या गठ्ठे बघितलेत मी, जुन्या दिवाळी अंकांचे. सीडीवर जपून ठेवलेले, वर तारीख घातलेली, आणि फॉन्ट कुणाकडेच नाहीत.

आता करायचं ते असं. बाबांनी वापरलेले सगळे फॉन्ट कॉपी करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. एकच नसेल, मथळ्यांना वेगळा वापरला असेल. मग प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ काढा, तिच्यात फॉन्ट आतच बसतो, म्हणजे निदान वाचता येईल. आणि नंतर सवडीने सगळं युनिकोडात बदलून घ्या. बदलून देणारी साधनं आहेत, पण डोळे मिटून विसंबू नका. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास हलतात. मूळ छापील पान शेजारी ठेवून कुणीतरी वाचायलाच हवं.

चकली | रविवार, दुपारी १:४०

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). आईच्या पाककृती योगेशमध्ये आहेत. पळाले.

कळफलक | रविवार, दुपारी २:००

खिळाजोडणी, साष्टांग. मी इतकी वर्षं बॅकअपवर प्रवचनं देतोय, फॉन्टचं डोक्यातच आलं नव्हतं.

ताई, बाबांचं फोल्डर डी ड्राइव्हवरून डॉक्युमेंट्समध्ये हलवा, फाइल हिस्टरी आपोआप घेईल. आणि एक शेवटची पिरपिर: तुमचा लॅपटॉप कुलूपबंद आहे, पण त्यातून कॉपी झालेल्या फायली बाहेरच्या डिस्कवर उघड्या असतात. आधार, पॅन, कर्जाचे कागद. विंडोज होममध्ये बाहेरच्या डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं स्वतःचं कुलूप) लावता येत नाही, तेच काम करणारं व्हेराक्रिप्ट फुकट आहे. पासवर्ड मात्र कागदावर लिहून दागिन्यांसोबत ठेवा, नाहीतर पुन्हा निळा पडदा आणि सुतकी कळा.

सोनटक्का | पुढच्या रविवारी, रात्री ९:१५

सगळ्यांना मनापासून धन्स. फॉन्ट तीन निघाले, कॉपी झाले. पीडीएफ झाल्या. दुसरी डिस्क १ टीबीची घेतली, ती भावाकडे ठाण्याला राहील, दर महिन्याला अदलाबदल. अण्णा, जेवणासकट.

युनिकोडाचं काम बाबांनी स्वतःच हातात घेतलंय. पहिल्या प्रकरणातच "वर्षे"चं "वषेर्" झालेलं पकडलं आणि भलतेच खूश झाले, जुन्या वह्या तपासल्यासारखे लाल पेनाने प्रिंटवर खुणा करतायत.

त्यांना बॅकअप म्हणजे काय ते समजावून सांगितलं. जुनं काहीही पुसलं तरी डिस्कवर मिळतं म्हटलं. त्यांनी लगेच विचारलं, "मग २०१६ साली देवळाच्या भांडणाचं पान सरपंचाच्या आग्रहाने काढून टाकलं होतं, ते दे."

म्हटलं बाबा, ते नाही मिळायचं, डिस्क आत्ता घेतलीय.

"मग कसला तुमचा बॅकअप," म्हणाले, आणि ते पान आठवून पुन्हा लिहायला बसलेत.